उरलेली आठ मिनिटं

"हलू नका सर, चिकटपट्टी निघतेय," सिस्टर म्हणाली. "आणि ते घरगुती बोलण्याचं प्रकरण आज तरी घ्या. उद्या दहाला माझी तोंडी परीक्षा आहे."

भिंतीकडे तोंड करून कुशीवर पडलेले सर नुसतं 'हं' म्हणाले. पाठीवरची जखम धुऊन पट्टी बदलायला तिला बारा मिनिटं लागत. तिच्या नर्सिंग संस्थेने आखून दिलेल्या वीस मिनिटांपैकी उरलेली आठ इंग्रजीची. परदेशातल्या नोकरीसाठी ती ही परीक्षा तिसऱ्यांदा देत होती. मागच्या खेपेला नेमकं या प्रकरणातलं विचारलं आणि तिची दातखीळ बसली. सरांनी ते शिकवलंच नव्हतं. चौतीस वर्षं अभ्यासक्रम वेळेआधी संपवणारे सर गेलं वर्षभर रोज एकच वाक्य घोटून घेत होते. ती पास झाली की जाणार, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ती नापास झाली तेव्हा त्यांनी तिची समजूत काढली होती आणि त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली होती.

"ड्रॉप इन, पॉप इन, स्टॉप बाय," सर म्हणाले. "अर्थ जवळपास एकच. वाट वाकडी करून कुणाकडे उभ्या उभ्या जाऊन येणं. आमंत्रण नाही, काम नाही, सहज."

"म्हणजे डोकावणं!"

"शाबास."

"आणि मला वाटलं होतं, पॉप इन म्हणजे काहीतरी फुटलं!"

सरांना हसू आलं. तेवढ्यानेही जखम ओढली गेली.

"आता मी विचारते हं. तुमच्याकडे कोण ड्रॉप इन करतं, सर?"

सरांचा धाकटा मुलगा तीन चौक पलीकडे राहायचा. 'जमलं तर डोकावतो, अप्पा,' असा त्याचा फोन येऊन सात महिने झाले होते.

"तू येतेस की."

"छे! मी ड्यूटीवर येते. ठरलेली वेळ, वर तुमची सही. याला कुठलं आलंय ड्रॉप इन? बरोबर ना, सर?"

सरांनी 'चूक' एवढंच म्हणायचा अवकाश, उद्या ती परीक्षेत तसंच सांगून आली असती.

"बरोबर," ते म्हणाले. "अगदी बरोबर. उद्या अशीच बोल, न घाबरता."

"मग झालेच पास!" तिने तक्ता पुढे धरला. सरांनी पडल्या पडल्या सही केली. "दोन तास पाठीवर वळू नका हं. उद्या बदली सिस्टर येईल."

दार ओढलं गेलं.

बऱ्याच वेळाने जिन्यात पावलं वाजली. सरांनी मोकळ्या हाताने चादर खांद्यापर्यंत ओढून नीट केली. पावलं वरच्या मजल्यावर गेली. तिथे बेल वाजली, दार उघडलं आणि कुणीतरी म्हणालं, "अरे, तुम्ही! या, या, आत या."