रिकामीचा निळा पट्टा

मर्लचा एक नियम टास्मानियाच्या त्या अख्ख्या पट्ट्यात ठाऊक होता. मेंढे कळपातून बाहेर काढल्यावर सहा आठवडे उलटल्याशिवाय ती कुणाच्या मेंढीची सोनोग्राफी करत नसे. पंचवीस वर्षं तिने हाच धंदा केला होता आणि घाई करणाऱ्या शेतकऱ्याला ती त्याच्याच अंगणात झाडत असे. लवकर बघितलं की पोटातलं दिसत नाही, मेंढी रिकामी ठरते, तिच्या पाठीवर निळा पट्टा ओढला जातो आणि ती कत्तलखान्याच्या ट्रकमध्ये चढते, पोटातल्या कोकरासकट. एवढं कळणाऱ्या बाईने स्वतःच्या घरात मात्र भलतंच केलं.

जुलै महिना होता, तिकडचा ऐन हिवाळा, थंडी मरणाची, आणि तिच्या स्वतःच्या मेंढ्या विण्याच्या बेतात आलेल्या. मुलगा रोरी गुडघ्याचं ऑपरेशन होऊन कुबड्यांवर बसलेला. कामाला उरल्या दोघीच, मर्ल आणि सून टॅमसिन. मागच्या वर्षी तिसऱ्या महिन्यात टॅमसिनचं मूल गेलं होतं. तेव्हापासून ती कॅलेंडरवर डोळे लावून जगत होती. डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं होतं की दिवस गेल्याची नुसती शंका आली तरी विणाऱ्या मेंढ्यांपासून लांब राहायचं. विल्यावर पडणाऱ्या वारेतून, मेलेल्या कोकरांतून जंतू लागतात आणि ते पोटातल्या बाळाला भोवतात.

म्हणून रविवारी संध्याकाळी ती चाचणीचं खोकं घेऊन स्वयंपाकघरात आली.

"पाळीला अजून तीन दिवस आहेत," ती म्हणाली. "थांबू का गं, मर्ल?"

"थांबून काय अंडी उबवायचीयत? आत्ता करून टाक. सकाळी सहाला मला माणूस हवंय."

"सकाळची पहिली लघवी घ्यावी म्हणतात. मी तर दिवसभर चहाच ढोसतेय."

"मूल असलं तर चहाला घाबरून लपून बसणार आहे होय?"

रोरी खो खो हसला. टॅमसिनही हसली आणि आत गेली. खोक्यातला सूचनांचा कागद टेबलावरच राहिला होता. मर्लने चष्मा लावून तो वाचला. पाळी चुकण्याआधी केलेली चाचणी फसू शकते. खूप पाणी पिऊन केलेली फसू शकते. एकच रेघ आली आणि तरी पाळी आली नाही, तर काही दिवसांनी पुन्हा करावी. तिने कागदाची घडी घातली आणि ती जॅकेटच्या खिशात टाकली. का टाकली ते तिला तेव्हाही नीट ठाऊक होतं.

टॅमसिन बाहेर आली. एकच रेघ होती.

"रिकामी," मर्ल म्हणाली. धंद्यातला शब्द तोंडातून निघून गेला आणि पोरीचा चेहरा पडला. मर्लला वाईट वाटलं. तरी पुढचं वाक्य तिने गिळलं नाही. "हातमोजे दाराशी ठेवलेत."

पुढचे बारा दिवस टॅमसिन चिखलात गुडघे टेकून अडलेल्या मेंढ्या सोडवत होती. सात मेंढ्यांनी दिवस भरण्याआधीच मेलेली कोकरं टाकली. हातमोजे फाटत, मग ती उघड्या हातांनीच ती उचलून पोत्यात भरायची. नवव्या दिवशी ती म्हणाली, "पाळी लांबलीय." मर्ल म्हणाली, "दमलीस, म्हणून." आणि कुंपणाच्या फाटकाकडे चालू लागली.

बाराव्या दिवशी दुपारी मर्ल शेजारच्या क्लिफकडे सोनोग्राफीला गेली. त्याच्या मेंढ्या उशिरा विणाऱ्या.

"मेंढे कधी काढलेस?" तिने विचारलं.

"तीन आठवडे झाले असतील. ट्रक उद्या येतोय, बघून टाक ना पटकन!"

"अक्कल गहाण टाकलीस का? आत्ता बघितलं तर निम्म्या रिकाम्या दिसतील, आणि त्या रिकाम्या नसतील! रद्द कर तो ट्रक."

"एवढी का तडकतेस, बये? मी फक्त विचारलं."

मर्लने थंडीमुळे हात खिशात घातला होता आणि बोटांना तो घडीचा कागद लागला होता. तिने यंत्र तसंच गाडीत टाकलं आणि गावातल्या औषधांच्या दुकानातून नवं खोकं घेतलं. रात्री जेवताना क्लिफला आणखी तीन आठवडे थांबायला लावल्याचं तेवढं सांगितलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच, चहाच्या आधी, ते टॅमसिनच्या हातात दिलं.

दोन रेघा आल्या, दोन्ही ठसठशीत. टॅमसिन रडत, हसत रोरीच्या गळ्यात पडली. त्याची एक कुबडी खाली आपटली. मर्ल दारातच उभी राहिली.

"मर्ल, ऐक ना," टॅमसिन डोळे पुसत म्हणाली, "त्या रविवारी तर काही नव्हतं ना? म्हणजे आत्ताच कुठे राहिलंय. मग मेंढ्यांचं डॉक्टरांना सांगायला नको, हो ना? उगीच घाबरवतील."

नुसतं "हो" म्हणायचा अवकाश होता. पोरगी सुखात राहिली असती आणि मर्लही सुटली असती. मर्लने खिशातून कागद काढून टेबलावर ठेवला.

"तेव्हाही होतं. दिसण्याएवढं झालं नव्हतं, इतकंच. मी हे वाचलं होतं, टॅमसिन. वाचून खिशात घातलं. मला माणूस हवं होतं. डॉक्टरांना सगळं सांग, सात मेलेली कोकरं, फाटके हातमोजे, सगळं. रक्त तपासायला लावतील."

रोरीने मान वर करून आईकडे पाहिलं. टॅमसिनने कागद सावकाश वाचून संपवला. एक हात पोटावर गेला होता.

"क्लिफच्या मेंढ्यांना तीन आठवडे थांबवलंस," ती म्हणाली. "मला तीन दिवस नाही थांबवलंस."

दवाखान्यापर्यंत गाडी मर्लनेच चालवली, कारण रोरीला पाय वाकवता येत नव्हता. टॅमसिन मागच्या सीटवर बसली, पुढे बसली नाही. नर्सने रक्त घेतलं आणि सांगितलं की पहिला निकाल चांगला आला तरी त्यावर विसंबू नका, लागण लगेच दिसत नाही, तीन आठवड्यांनी पुन्हा या. मर्लने मान डोलावली. हे वाक्य तिला पाठ होतं.

घरी आल्यावर ती एकटीच मेंढ्यांत उतरली. टॅमसिन खिडकीशी उभी होती. मर्लने हात वर केला. आतून हात वर झाला नाही.