दीपगृहाला तेल पुरलं नाही

हात्सुमी कुगाला कथेचा शेवट पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. फक्त तो लिहायची परवानगी नव्हती.

'उत्तरेचं दीपगृह' हा फोनवर खेळायचा गेम जपानमधल्या फुकुओका शहरात, एका मोठ्या कंपनीच्या छोट्या शाखेत बनत होता, आणि त्याची कथा सुरुवातीपासून हात्सुमीच लिहीत आली होती. एका बेटावर मिओ नावाची मुलगी दीपगृह राखते आणि समुद्रावर गेलेल्या भावाची वाट पाहते. प्रत्येक अध्यायात एक जहाज किनाऱ्याला लागतं, त्यातून कोणीतरी उतरतं, भाऊ मात्र उतरत नाही. अशी जहाजं गेली कित्येक वर्षं येत होती. भाऊ आला की कथा संपली, आणि कथा संपली की खेळणारे गेले, म्हणून उकाई-सान दरवेळी म्हणायचे, "एवढ्यात नको." उकाई हे गेमचे निर्माते; 'सान' हे 'जी'सारखं आदराचं संबोधन. मार्चअखेर गेम बंद होणार हे बैठकीत त्यांनीच सांगितलं, तेव्हा हात्सुमीने दुसरं काही न विचारता एवढंच विचारलं, "मग आता लिहू?"

उकाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "नवी चित्रं नाहीत, आवाज नाहीत, संगीत नाही. आहे त्या सामानात बसवणार असाल तर लिहा, कुगा-सान."

जेवणाच्या सुट्टीत तिघं त्याच खोलीत ओनिगिरी, म्हणजे भाताचे मुटके, खात बसले. तिसरा निवा, सर्व्हर सांभाळणारा. आधीचा सोएदा नोकरी सोडून गेला, त्याच्या जागी गेल्या वर्षी हा आला होता.

"मी पाहिलेला सगळ्यात भारी शेवट सांगू?" निवा म्हणाला. "लहानपणी महिनाभर झगडून शेवटचा राक्षस लोळवला. पडदा पांढराशुभ्र झाला. आणि तेवढ्यात आईचा व्हॅक्यूम क्लीनर येऊन खेळाच्या यंत्राला धडकला."

"अरेरे. मग?"

"मग काय, पडदा पांढराच राहिला! मला वाटलं, हाच शेवट. शाळेत सगळ्यांना सांगत सुटलो, केवढा खोल अर्थ आहे म्हणून."

हात्सुमीला हसता हसता ठसका लागला. उकाई म्हणाले, "तुमचे लाड होते. आमच्या वेळी काळ्या पडद्यावर 'शाब्बास' यायचं की संपलं. तेवढ्यासाठी अख्खी उन्हाळ्याची सुट्टी घालवायचो."

"तुझा शेवट काय गं?" निवाने विचारलं. "भाऊ येतो ना?"

"वाचशील तेव्हा कळेल."

"अगं, मीच चढवणार आहे तो सर्व्हरवर!"

"तरी तिथे वाचू नकोस. गेममध्ये वाच, सगळ्यांबरोबर."

तिच्या शेवटात भाऊ येत नाही. शेवटचं जहाज रिकामंच येतं. मिओ त्या रात्री स्वतःच्या हाताने दिवा मालवते, आणि इतकी वर्षं त्या झोतामुळे न दिसलेले बेटावरचे इतर घरांचे दिवे तिला पहिल्यांदाच दिसतात. ती जिना उतरून त्यांच्याकडे चालू लागते. बस, एवढंच. हात्सुमीला वाटायचं, आपल्या हातून एवढी एक गोष्ट नीट झाली तर बाकीची सगळी जहाजं सार्थकी लागली.

नवा अध्याय कधी कोऱ्यातून बनत नसे. मागच्या अध्यायाच्या फोल्डरची नक्कल करायची, मजकूर बदलायचा, ही तिथली रीत. या वेळी हात्सुमीने मागचं फोल्डर घेतलं नाही, अगदी पहिल्या अध्यायाचं घेतलं. तीच पहाट, तोच जिना, तीच धून. जिथून कथा निघाली तिथेच ती संपावी असं तिला वाटत होतं. बाहेरच्या तपासनिसांनी ओळी चौकटीबाहेर जातात का ते पाहिलं, पसंतीचा शेरा दिला आणि त्यांचं काम संपलं. शेवटचं अपडेट निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निवाने तिला हाक मारली. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

"इकडे ये जरा. हे बघ."

अध्याय आपोआप उघडत नसे. खेळणाऱ्या प्रत्येकाने रोज एक बाटली तेल दीपगृहात ओतायचं. सगळ्यांचं मिळून टाकी भरली की पुढची कथा खुली व्हायची. निवाच्या पडद्यावर टाकी दिसत होती. दिवसभराचं तेल पडूनही तळ जेमतेम ओला झाला होता.

"ही टाकी पहिल्या अध्यायाची आहे," निवा म्हणाला. "तेव्हा खेळणारे लाखांनी होते. आता काही हजार उरलेत."

"पण आत्ताआत्तापर्यंत तर भरत होती!"

"सोएदा भरवत होता. माणसं कमी झाली की प्रत्येक नव्या अध्यायात टाकी थोडी लहान करायचा, कोणाला न सांगता. जुन्या नोंदी पाहिल्या तेव्हा कळलं. तू मागचं फोल्डर घेतलं असतंस, तर लहान टाकी आपसूक आली असती. तपासनिसांच्या यंत्रात टाकी आधीच भरलेली असते. त्यांना कसं दिसणार?"

दोघं तसेच उकाईंकडे गेले.

उकाईंनी सगळं ऐकून घेतलं. "तपासणीची मंडळी गेली. न तपासता सर्व्हरला हात लावायचा नाही."

"एकच आकडा बदलायचाय, उकाई-सान," निवा म्हणाला.

"तेव्हाही एकच आकडा होता."

तेव्हा म्हणजे एका नववर्षाला. न तपासता बदललेल्या त्या आकड्याने हजारो लोकांची खाती कोरी केली होती, आणि उकाई मुख्य कार्यालयात जाऊन कमरेत वाकून माफी मागून आले होते. हा नियम त्यानंतरचा.

"मग लोकांना खरं तरी सांगूया," हात्सुमी म्हणाली. "नाहीतर मजकूर नुसता संकेतस्थळावर टाकूया."

"काय सांगणार? माणसं उरली नव्हती आणि आम्ही ते टाकी लहान करून झाकत होतो? कथा मुख्य कार्यालयाच्या मालकीची आहे. ते एक ओळ बाहेर जाऊ देणार नाहीत. मी विचारून पाहिलंय, कुगा-सान. मागच्या गेमच्या वेळी." एवढं बोलून ते उठले आणि तिच्यासमोर वाकले.

खेळणाऱ्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, ही शेवटची परीक्षा आहे. शिओकारा असं टोपणनाव घेतलेला कोणी एक जण गेममधल्या संदेशांच्या फलकावर रोज सकाळी हजर व्हायचा. "उठा आळश्यांनो! बाटली ओतली का? नाही? मग चहा कसला पिताय!" खेळ सोडून गेलेल्यांना त्याने शोधून शोधून परत आणलं. कोणी बायकोला खेळायला लावलं, कोणी वृद्धाश्रमातल्या वडिलांच्या फोनवर गेम चढवून दिला. टाकीतलं तेल खरोखर वर सरकू लागलं. निवाने गणित मांडून पाहिलं, आणि मग हात्सुमीला न दाखवताच तो कागद चुरगाळला. तिने विचारलं नाही. गणित तिलाही येत होतं.

शेवटच्या दिवशी दुपारी तीनला सर्व्हर बंद व्हायचे होते. सकाळपासून फलकावर माणसं गोळा होत राहिली. टाकी अर्धीही भरली नव्हती.

"माफ कर मिओ, आम्ही कमी पडलो."

"काल मी विसरलो ओतायला. माझ्यामुळेच झालं."

"गप रे. तुझ्या एका बाटलीने काय होणार होतं!"

"भाऊ दारापर्यंत आला असेल हो. आपणच दार उघडू शकलो नाही."

त्या वाक्याला सगळ्यांनी दुजोरा दिला. हात्सुमी वाचत होती. ते स्वतःला दोष देत होते, आणि न आलेल्या भावाला त्यांनी दारात आणून उभं केलं होतं. तीन वाजले. फलक गोठला, मग पडद्यावर आभाराची एक ओळ आली.

खेळणाऱ्यांच्या पत्रांना उत्तरं देणाऱ्या मुली आठवड्यापूर्वीच गेल्या होत्या, म्हणून उरलेली पत्रं हात्सुमीकडे आली. एक शिओकाराचं होतं.

"मी सत्तरीचा माणूस आहे. पुन्हा एवढं मोठं काही हाती घेईन असं वाटत नाही. फक्त हो की नाही ते सांगा. शेवटी भाऊ आला का?"

तिने 'नाही' लिहिलं. त्या शब्दामागे जिना नव्हता, मालवलेला दिवा नव्हता, अंधारात दिसणारी घरं नव्हती. तो नुसता नकार होता. आणि 'हो' लिहिणं तिला जमलं नसतं.

तिने तो शब्द खोडला आणि ठरलेलं उत्तर चिकटवलं: कथेच्या मजकुराविषयीच्या प्रश्नांना आम्ही उत्तर देऊ शकत नाही, आपल्या प्रेमाबद्दल मनःपूर्वक आभार.

"पाठवलंस?" निवाने विचारलं. मुख्य कार्यालयाच्या सूचनेप्रमाणे तो अध्यायांची फोल्डरं पुसत होता.

"हो."

"शेवटचा पुसू? की आधी वाचू?"

"पूस," ती म्हणाली.