सुटलेल्या दोन ओळी

मी एक जुना फवारणीचा पंप आहे आणि मित्रांनो, आधीच सांगतो, मला माझ्या पोटाची शिसारी येते. कारखान्यातून आलो तेव्हा पिवळाधमक होतो. मालकाने पाठीवर घेतले तेव्हा त्याची बायको हसून म्हणाली, "नवरदेवासारखा मिरवतोयस की!" मीही फुगलो. पोटात काय भरणार होते ते कुठे ठाऊक होते?

मालकाला एक खोड होती. गव्हावर रोग दिसो न दिसो, दर पंधरवड्याला बुरशीनाशक मारायचे, आणि मापावर एक झाकण जास्त, "असू दे" म्हणून. त्या झाकणाने मला मळमळायचे. पानांवर राहणारी साधी, निरुपद्रवी बुरशी त्याने पटापट मरायची. तीच तर जागा अडवून रोगाच्या बुरशीला उपाशी ठेवायची. रोगाची बुरशी मात्र तेच औषध पिऊन पिऊन निर्ढावली होती. पान मोकळे होताच निर्लज्जपणे हातपाय पसरायची. आणि हे घाणेरडे काम माझ्याच तोंडून व्हायचे.

यंदाच्या शेवटच्या फवारणीत, बांधाकडची शेवटची पट्टी मारताना माझी कडेची तोटी तुंबली. बांधालगतच्या दोन ओळी कोरड्या राहिल्या. महिन्याभरात सगळे रान डागाळले, त्या दोन ओळी तेवढ्या हिरव्या.

मालकाची थोरली बहीण प्रयोगशाळेत पिकांचे रोग तपासते. ती वाकून पाहतच राहिली.

"इथं काय मारलंस रे?"

"काहीच नाही, ताई. पंप तुंबला होता."

"म्हणूनच इथली चांगली बुरशी जगली. परवा येऊन पानं नेते. ती बुरशी वाढवता आली तर पुढचा गहू वाचेल. तोवर या ओळी जप."

मालकाला जपणे एकाच प्रकारे येत होते. दुसऱ्या सकाळी त्याने टाचणीने माझी तोटी साफ केली आणि पोटात दोन झाकणे जास्त ओतली. मला ओकारी आली, ती त्या ओळींवरच.

ताई आली. पानाला नाक लावताच तिचा चेहरा उतरला.

"फवारलंस?"

"तुझ्यासाठीच, ताई! रोग लागायला नको म्हणून."

पानांसाठी आणलेली पिशवी तिने घडी घालून परत नेली.

मित्रांनो, म्हाताऱ्या पंपाने 'मला धुऊन पुसून ठेवा' अशी विनंती करायची असते. मला धुऊ नका, मी त्या लायकीचा नाही. पण नवा पंप पाठीवर घ्याल, तेव्हा आधी एक पान हातात घ्या आणि त्यावर कोण राहते ते जाणत्या माणसाला विचारा. मी न विचारता मारत आलो.