एकही भोक न पाडता

देवानं मला क्षमा करावी, पण आमच्या घरात देवघराच्या खालोखाल सोवळं पाळलं जातं ते मामंजींच्या गाडीचं. फिकट हिरवी, गोल दिव्यांची, माझ्या नवऱ्याहून वयानं मोठी. बॉनेटवर कुणी हात टेकवला तर मामंजी रागावत नाहीत. फडकं आणतात आणि हात होता तेवढी जागा पुसतात. दोन्ही मुलांना ती चालवता येते, चालवायला मिळत नाही.

दर रविवारी ते सासूबाईंना घेऊन एक फेरी मारतात. गाडीतला रेडिओ फार पूर्वीच मुका झालेला. एका रविवारी सासूबाई दारातच थांबल्या.

"तासभर तुमचं इंजिन ऐकायचं आणि माना डोलवायच्या. गाणी लागणार असतील तर येते, नाहीतर तुम्ही आणि माझी सवत जा फिरून."

मामंजी एकटे गेले आणि लगेच परत आले.

जेवताना माझी धाकटी जाऊ म्हणाली, "बाबा, स्पीकर मी बसवते."

ती गाड्यांच्या वायरिंगचं काम करते. नोकरी एका मोठ्या दुकानात, पण तिच्या वाट्याला येतात ते बल्ब आणि वायपर. स्पीकरचं काम आलं की मालक म्हणतो, तू राहू दे, पोरं करतील. स्वतःचं दुकान काढायचं तिच्या मनात कधीचं होतं. घरात कुणी नाही म्हणत नव्हतं, पण हो म्हणायलाही कुणाची जीभ वळत नव्हती.

"तुला दुकानात वायपरच्या पुढे जाऊ देत नाहीत म्हणे," मामंजी म्हणाले.

"म्हणूनच म्हणतेय. ही गाडी जमली तर नोकरी सोडते. नाही जमली तर स्वतःच्या दुकानाचं नाव पुन्हा काढणार नाही."

भावजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, ठसका लागला. मी पाण्याचं भांडं पुढे सरकवलं.

मामंजींनी ताटातला शेवटचा घास संपवला. "पत्र्याला, दाराला, डॅशबोर्डला एकही भोक पडता कामा नये. आणि मला काही विचारायचं नाही. मी सांगणार नाही."

"नाही विचारत," ती म्हणाली.

मागच्या काचेखाली, सीटच्या पाठीमागे एक फळी असते. धाकटीनं ती अलगद काढली, जुन्या चादरीत गुंडाळली आणि माळ्यावर ठेवली. तिच्याच मापाची नवी फळी प्लायवूडची कापली. जी काय भोकं पाडायची ती हिला. त्यात दोन स्पीकर, आणि आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायरचा डबा मागे डिकीत. फळीवर चढवायचं कापड माझ्याकडे आलं, कारण घरात शिवणयंत्र माझं.

"वहिनी, तोंडासमोर धरून फुंका. फुंकर आरपार गेली तर आवाजही जातो."

मग आम्ही कपाटातली निम्मी कापडं फुंकून पाहिली. सासूबाई म्हणाल्या, "दोघी सुना घरभर फुंकत फिरताहेत. कुठे आग लावलीत ते तरी सांगा." शेवटी एका जुन्या पडद्याचं विरळ विणीचं कापड मिळालं. सीटच्या रंगाला इतकं मिळतं की धाकटीनं ते दोनदा उजेडात नेऊन पाहिलं.

वायरिंगच्या दिवशी माझा सकाळचा नेम आटोपून मी गॅरेजमध्ये गेले आणि कापडाच्या कडा दुमडत बसले. धाकटी डिकीत अर्धी आत होती. मामंजी झुलत्या खुर्चीत. त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"थोरले, एक सांगतो. तिला सांगायचं नाही."

मी न विचारता बरं म्हणून बसले. दिलेला शब्द मी मोडत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणूनच मला सांगितलं असणार.

"ही गाडी उलटी आहे," ते हळूच म्हणाले. "आताच्या गाड्यांत बॅटरीचा मायनस पत्र्याला जोडलेला असतो. हिच्यात प्लस. रोजच्या सवयीनं जोडायला गेली तर तिचा डबा जळून जाईल."

"मग सांगा ना तिला."

"उद्या लोकांच्या गाड्या येतील तिच्याकडे. तेव्हा मी असणार आहे का शेजारी?"

मी जागेवर जाऊन बसले. त्यानंतर सुई कापडात कमी आणि बोटात जास्त गेली. मनात नाम चालू होतं, तेही अडखळत. डिकीत धाकटीनं डब्याची काळी वायर, म्हणजे मायनसची, एका जुन्या बोल्टखाली पत्र्याला अडकवली. रोजच्या सवयीनंच. मामंजींची खुर्ची झुलायची थांबली. आता लाल वायर जोडली की संपलं.

तिनं लाल वायर हातात घेतली. मग खाली ठेवली आणि मीटर उचललं. जोडण्याआधी मोजायचं, हा तिचा नेम. घरात साधा दिवा बदलायचा तरी ती मीटर काढते, आणि भावजी त्यावरून तिला चिडवतात.

मीटरवर आकड्याच्या आधी उणे चिन्ह आलं.

"तारा उलट्या धरल्या वाटतं," ती पुटपुटली. हातातल्या तारा पाहिल्या. बरोबर होत्या. पुन्हा लावल्या, पुन्हा उणे.

मीटर बिघडलंय म्हणून कुणीही पुढे गेलं असतं. ती बाहेर आली, बॉनेट उघडलं आणि बॅटरीच्या जाड केबलवर बोट ठेवून केबल जाईल तसं ते नेत गेली, थेट पत्र्यापर्यंत. तिथे बोट थांबलं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. माझी मान आपोआप खाली गेली.

"वहिनी, तुम्हाला माहीत होतं."

"शब्द दिला होता गं."

ती हसली आणि मामंजींकडे वळली. "बाबा, तुमची गाडी डोक्यावर उभी आहे."

"मग? नाही जमणार?"

"जमेल की. ती काही सरळ होणार नाही. मीच होते उलटी."

तिनं काळी वायर सोडवली. डब्याखाली लाकडाची पट्टी आणि रबर घातलं, म्हणजे तो पत्र्याला कुठेच शिवणार नाही. वायरींची अदलाबदल केली, मध्ये फ्यूज टाकला, आणि प्रत्येक जोडाला पुन्हा मीटर लावून पाहिलं. मामंजी कधी उठले कळलं नाही. पाहिलं तर टॉर्च धरून तिच्या मागे उभे.

"थोडे डावीकडे व्हा, बाबा. सावली पडतेय."

मामंजी डावीकडे झाले. त्यांना सरक म्हणणारं माणूस मी या घरात पहिल्यांदा पाहिलं.

फळी बसली, कापड ताणलं गेलं आणि धाकटीनं फोनवरून गाणं लावलं. आधी हलकं, मग भरून. इतका गोल आवाज, की ज्या गॅरेजमध्ये आजवर फक्त नट आवळायचे पाने खडखडले होते तिथे कुणी सभामंडप उभारल्यासारखं वाटलं. सासूबाई पदराला हात पुसत आल्या, मागच्या सीटवर बसल्या आणि इकडेतिकडे पाहू लागल्या.

"येतंय कुठून?"

"तुमच्या मागून, आई. दिसणार नाही."

मामंजी म्हणाले, "गाडी उलटी आहे हे तिनं स्वतः ओळखलं. कुणी सांगितलं नाही."

"हुशार आहे पोर," सासूबाई म्हणाल्या. "तुम्हाला ओळखायला माझा रेडिओ जाळावा लागला होता."

मामंजी टॉर्च विझवायचं विसरून आत गेले.

रविवारी आम्हाला दोघींनाही गाडीत जागा मिळाली. धाकटी पुढे, मी सासूबाईंच्या शेजारी. पेट्रोल पंपावर एक गृहस्थ आपली जुनी गाडी पुसत उभे होते. काळी, आमच्याहूनही थोराड. त्यांनी आमच्या गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, दारं निरखली, डॅशबोर्ड पाहिला.

"आवाज तर येतोय. बसवलेत कुठे? एकही भोक नाही."

"मागे," मामंजी म्हणाले.

"कुठल्या दुकानातून केलंत? मी तीन जणांना विचारलं, तिघेही दार कापायला निघाले."

 धाकटी एरवी बोलणारी मुलगी, पण मांडीवर हात ठेवून समोरच्या काचेतून बघत बसली. मी मागून तिचे कान लाल झालेले पाहत होते.

"दुकान हिचं आहे," मामंजी म्हणाले. "माझी धाकटी सून. पुढच्या महिन्यात उघडतंय."

धाकटीनं मान वळवली. "बाबा, जागा कुठे आहे?"

"आपलं गॅरेज आहे ना."

"आणि गाडी?"

"गाडी राहील बाहेर." त्यांनी त्या गृहस्थांना घराचा पत्ता सांगितला, अगदी कोपऱ्यावरच्या वळणासकट. मग म्हणाले, "येण्याआधी तिला फोन करा. ती मोजल्याशिवाय हात लावत नाही, वेळ लागतो. घाई असेल तर येऊ नका."

धाकटीनं नंबर दिला. देताना एक आकडा चुकला, तो तिनं स्वतःच दुरुस्त केला.

घराकडे वळताना गाणं चालूच होतं. सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. मामंजींनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"थोरले, एवढ्या गाडीला उन्हापावसाची जाड खोळ शिवायची तर कापड किती लागेल?"

"घरी गेल्यावर मापं घेते," मी म्हटलं.