विहीरवाली

झुंबरबाई गंगाखेडची. तिकडे गोदावरीला गोदावरी म्हणणारा एक तर मास्तर असतो, नाहीतर परगावचा. बाकी सगळ्यांची ती गंगा. बाप बन्सीधर काठावरचा शेतकरी. त्यानं लेकीच्या पाठीला वाळका भोपळा बांधून तिला डोहात सोडलं, आणि बघता बघता भोपळाही सुटला. पोरगी पाण्यात अशी रमायची की जेवायला हाका मारमारून आईचा घसा बसायचा.

"बाबा, ही गंगा कुठं जायलीय?"

"समुंदराला."

"मी बी पवत जाऊ?"

"जाशील की. तुला काय अवघड हाय?"

बापाचं हे बोलणं झुंबरनं पदराच्या गाठीला बांधून ठेवलं. तिथंच तिचं चुकलं.

तिला दिली पालमकडच्या कोरड्या गावात. नवरा भुजंग, सासू पार्वतीबाई. नदी नाही, ओढा नाही. मळ्यात एक विहीर, आणि तिच्यात उतरायचं ते गड्यांनी. लग्नानंतरची पहिली पंचमी आली. माहेरी जायचं आणि गंगेत उडी घ्यायची, एवढ्या आशेवर पोरीनं दिवस काढले होते. पण ते साल नामांतराच्या दंगलीचं. एसटी बंद, आणि न्यायला येणारा भाऊ आलाच नाही.

भर दुपारी सगळे जेवून आडवे झाले, तेव्हा तिनं लुगड्याचा काष्टा आवळला, चपला काठावर नीट जोडून ठेवल्या आणि भरल्या विहिरीत सूर मारला. पाणी अंगाला लागलं तशी ती एकटीच हसायला लागली.

आमच्याकडे बाईनं विहीर जवळ केली म्हटलं की त्याचा एकच अर्थ होतो. काठावरच्या चपला बघून पार्वतीबाईनं असा टाहो फोडला की अर्धं गाव धावलं. दोर आले, गडी उतरले, आणि मजेत उताण्या तरंगणाऱ्या पोरीला केसांना धरून वर काढलं. त्याच आठवड्यात गावातल्या बौद्धवाड्यात घरं जळाली, तेव्हा मात्र यातल्या एकालाही ओरडा ऐकू आला नव्हता.

"मी पवाया उतरले व्हते," झुंबर परोपरीनं सांगत होती.

"पवाया?" पार्वतीबाई म्हणाली. "बाईमानूस पवतंय व्हय? कुणी शिकिवलं? घाटावरच्या गड्यांनी?"

एसटी सुरू झाल्यावर बापाला बोलावणं गेलं. चार माणसांत बसवून त्याला विचारलं, पोरीला पोहता येतं का? हो म्हणावं तर लेक उनाड ठरत होती आणि नांदणं मोडत होतं. नाही म्हणावं तर ती जीव द्यायला निघालेली ठरत होती, पण त्यात निदान लोकांना कीव तरी येते. झुंबर दाराआडून बापाच्या तोंडाकडे बघत होती. बन्सीधरनं मान खाली घातली.

"न्हाई," तो म्हणाला. "तिला पवता येत न्हाई."

तेव्हापासून ती गावाची विहीरवाली झाली. भुजंगनं पोहऱ्यापुरतं तोंड ठेवून विहिरीवर लोखंडी जाळी बसवली. माहेरी गेली तरी मागे सासू असायचीच, गंगेवर जायची बंदी. पंधराएक वर्षं बाई पाणी शेंदत राहिली.

मग गावानं मिळून देवदर्शनाला गाडी केली. कोल्हापूर झालं, गणपतीपुळे आलं. वाळूत उभी राहून झुंबरबाईनं समुद्र पाहिला आणि तिला रडू आलं.

"हितंच बस," भुजंगनं दटावलं. "पाण्याजवळ जायचं न्हाई." आणि हा शहाणा स्वतः कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभा राहिला. लाट परतताना पायाखालची वाळू घेऊन गेली, वाळूबरोबर भुजंगलाही.

बाकीचे नारळ फोडण्यात गुंतलेले. झुंबरबाई चपलांसकट धावली. पहिल्याच हाताला सगळं आठवलं. हे पाणी खारट होतं, पण गंगेपेक्षा वर उचलून धरत होतं. नवऱ्याची मानगूट हाती लागली, तेव्हा क्षणभर तिला वाटलं, सोडून द्यावं याला आणि असंच पुढं जावं. तिनं त्याला धरलं आणि काठाकडे वळली. जिवाच्या भीतीनं भुजंगनं तिचे केस मुठीत गच्च आवळले होते.

लोक धावत आले, त्यांना तेवढंच दिसलं.

"अरं देवा! विहीरवालीनं आता समुंदर जवळ केला!" कुणीतरी ओरडलं. "भुजंगा, वढून काढलीस रं, शाबास!"

भुजंग खोकत होता. गावी पोचेपर्यंत मात्र तोच रंगवून सांगायला लागला.

बातमी ऐकून म्हातारा बन्सीधर आला. ओसरीवर भुजंगनं त्याला सगळं साग्रसंगीत ऐकवलं. झुंबरबाई चहा घेऊन बाहेर आली.

"बाबा," ती म्हणाली, "आता तरी सांगा की ह्यांला."

म्हाताऱ्यानं जावयाकडे पाहिलं, मग कपाकडे. "जावाई म्हनतेत तसंच आसंल, बाई."

झुंबरबाईनं कप त्याच्या पुढ्यात ठेवला.

"मला पवता येतं, ह्ये तुमाला अन् गंगेला ठावं व्हतं, बाबा," ती म्हणाली. "आता एकट्या गंगेलाच ऱ्हायलं."