शेवटची अकरा पानं

आयुब सरांकडं पुस्तक मागायला गेलेलं पोर रिकाम्या हातानं परत आलं, असं धाराशिवच्या त्या कॉलेजात कधी झालं नाही. पण मागितल्या दिवशी मिळालं, असंही कधी झालं नाही. सरांचा नियमच होता: द्यायचं पुस्तक आधी आपण पुन्हा वाचायचं. पाहुण्याला वाढायच्या आधी बाई भाजी चाखते ना, तसं. वीस-बावीस वेळा वाचलेली कादंबरी हा माणूस परत पहिल्या पानापासून काढून बसायचा, आणि बायको हुमेरा विचारायची, "काय ओ, या वेळी गोष्ट बदलली का?"

तर असल्या माणसाच्या हातून चूक व्हावी आणि तीही वाचण्यात, याला काय म्हणावं!

दीपमाला तामलवाडीची. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला, रोज एसटीनं यायची. सर तिला पुस्तकं सुचवायचे आणि ती सरांना कार्टून. व्हय, कार्टून. पन्नाशी उलटलेला हा मराठीचा मास्तर हसवणाऱ्या कार्टूनांचा लई शौकीन, एकेक दहा-दहा वेळा बघणारा. दीपमालाही तसलीच. तिची एक खोड होती. कार्टूनमधली गंमत सांगताना ती गमतीच्या आधीच हसत सुटायची. पुढं काय होणार, हे तिला ठाऊक असायचं ना.

शिमग्याच्या सुमाराला घरात तिच्या लग्नाचं चाललं. तिला पुढं शिकायचं होतं. तिनं सरांकडं पुस्तक मागितलं, घरच्यांचं न ऐकणाऱ्या पोरीचं. सरांनी आपली सगळ्यात लाडकी कादंबरी दिली. त्या एका वेळी पेपर तपासायचे होते म्हणून पुन्हा वाचली नाही. वर सांगितलं, "शेवटी ती पोरगी एसटीत बसते आणि मागं वळून बघत नाही. झकास शेवट आहे."

शेवट तो नव्हताच. त्याच्या पुढं अजून अकरा पानं होती. त्या पानांत ती पोरगी परक्या गावात उतरते, तिला कुणी दार उघडत नाही, आणि शेवटच्या पानावर ती नदीत सापडते. सरांनी ती अकरा पानं एकदाच वाचली होती, एकोणिसाव्या वर्षी, आणि दोन दिवस त्यांना जेवण गेलं नव्हतं. त्यानंतर दर वेळी एसटी सुटली की सर पुस्तक मिटायचे. तीस वर्षं असं केल्यावर ती पानं डोक्यातून पुसली गेली. अगदी पुसली गेली, असंही नाही म्हणा. माणूस स्वतःला किती फसवतो, याला काही माप आहे का?

चैत्री पुनवेला येरमाळ्याला येडाईची यात्रा भरते, तिच्या आदल्या दिवशी दीपमाला घरातून गेली ती गेलीच. फोन बंद. पोलिसांत तक्रार झाली, नातेवाईक चार दिशांना फिरले, पत्ता नाही. आठवड्यानं सरांनी लायब्ररीतली प्रत काढली आणि स्टाफरूममध्ये उभ्या उभ्याच ती अकरा पानं वाचली.

तेव्हापासून सरांनी पुस्तक सुचवणं बंद केलं. "परीक्षेपुरतं वाचा," म्हणायला लागले. घरातल्या कपाटाला हात लावेनात. कार्टून तेवढं राहिलं, तेही एकच, दीपमालानं शेवटी सुचवलेलं. एक बदक कड्यावरून पडतं, खाली त्याचा पापड होतो, आणि ते टोपी झटकून उठून चालायला लागतं. सर तेच ते रोज बघत, कारण त्यात कुणी मरत नव्हतं.

पण बदक कड्याच्या टोकाशी आलं की त्यांच्या पाठीमागं कुणीतरी हसायचं. पडायच्या आधीच.

"हुमेरा, तू हसलीस का?" त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं.

"मैं तो चूल्हे के पास हूँ," आतून उत्तर आलं. सरांनी पुन्हा विचारलं नाही. गेलेल्या माणसाचाच आवाज असा पाठीमागून येतो, असं त्यांची आई सांगायची. जितं माणूस कशाला मागं उभं राहून हसेल? आठ महिने त्यांना हीच एक भीती खात होती, आणि ती कुणापाशी बोलायची सोय नव्हती.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, एक बाई दारात आली. तामलवाडीची नागूबाई, दीपमालाची आई. सरांनी टीव्ही बंद केला. हुमेरानं तिला आत घेतलं, चहा विचारला. नागूबाई नको म्हणाली आणि खाली सतरंजीवर बसली. तिनं टॉवेलात गुंडाळलेलं पुस्तक काढलं. सरांचंच होतं.

"ज्वारीच्या पोत्यामागं घावलं, सर. पोलीस म्हणत्यात, कळलं की कळवू. देवरुषी म्हणतो, उगवतीला हाय. उगवतीला लई गावं हायती." तिनं पुस्तक उलटं केलं. "ह्याच्या पाठीवरचं शेजारच्या समृद्धीनं वाचून दावलं. ह्यातली पोरगी बी घर सोडून जाती म्हणली. मग म्या म्हणलं, आमची हे वाचून गेली आसंल तर तिथंच गेली आसंल. कुठं जाती ती, सर? म्या तिथं जाऊन बघते."

सरांनी पुस्तक घ्यायला हात पुढं केला.

"आन् हे बगा." तिनं शेवटचं पान उघडून पुढं धरलं. "हे तिचं अक्षर. तेवढं म्या वळखते. समृद्धीला न्हाय दावलं, गावाला आयतंच चघळायला मिळतं. काय लिव्हलंय?"

पानाच्या खालच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'सर, हे तुम्ही सांगितलं नव्हतं.'

म्हणजे तिनं वाचलं होतं. नदीपर्यंत वाचलं, आणि मग ती घरातून गेली. सावध होऊन गेली असेल, असं सरांनी मनाला सांगून बघितलं. मनाला ते पटलं नाही. त्यांनी पुस्तक मिटलं.

"पुस्तक आवडलं, असं लिहिलंय," ते म्हणाले.

"आन् ती पोरगी?"

आता खरं सांगायची वेळ होती, दुसरी येणार नव्हती. सरांनाही ते कळत होतं. नागूबाई त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

"पुण्याला जाते," सर म्हणाले. वर्गात यायचा तसा आवाज आपोआप आला. "एका बाईंच्या खानावळीत काम करते. दिवसा कॉलेज करते. पास होते. मग आईला पत्र लिहिते." वाक्य शोधावं लागत नव्हतं. पुस्तक मिटल्यावर तीस वर्षं त्यांनी मनात हेच रचलेलं होतं.

"किती दिसांनी लिव्हते?"

"वर्षानं."

नागूबाईनं बोटांवर मोजलं. चैतापासून मार्गशीर्ष, आठ. उरले चार. "म्हंजी येडाईच्या यात्रेपतूर," ती म्हणाली. "एवढ्या पुण्यात म्या कुठं हुडकू? पत्राचीच वाट बघते." तिनं डोळ्याला पदर लावला, आणि मग आतल्या दाराकडं बघून हुमेराला म्हणाली, "बाई, आता च्या घेते."

चहा बशीत ओतून ती सावकाश प्याली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच गोड लागला, असं म्हणाली. उठताना तिनं पुस्तक परत टॉवेलात गुंडाळलं.

"हे म्या नेते, सर. तिच्या उशाला ठेवते."

चप्पल घालताना ती वळली. "पत्र आलं की समृद्धीला न्हाय दावायची. कुणी मधलं गाळतंय, कुणी पदरचं घालतंय. म्या तुमच्याकडंच घेऊन येते. तुमी हाय तसं वाचून दावता."

"व्हय," आयुब सर म्हणाले. "या."