तळ्यावरचा उचाट्या

आमच्या पक्ष्यांच्या ग्रुपवर मला 'कावळेवाले' म्हणतात. कारण सोपं आहे, मला कावळेच दिसतात. बाकीच्यांना त्याच झाडावर नाना रंगांचे पाहुणे भेटतात, ते फोटो टाकतात, आणि मी जाऊन उभा राहिलो की फांदीवर कावळा. मी लिफ्ट दुरुस्त करतो. आठवडाभर अंधाऱ्या खड्ड्यात मान वर करून उभं राहायचं आणि सुट्टीच्या दिवशी तीच मान पुन्हा वर करायची, हे मी केवळ सासऱ्यांसाठी करत आलो.

सासरे, म्हणजे बाबा, त्या ग्रुपचे कर्तेधर्ते. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांचा जन्म गेला. दुसऱ्यांच्या चुका काढून संसार केलेला माणूस. ग्रुपचे नियमही त्यांचेच. जलशुद्धीकरण केंद्रामागच्या आमच्या तळ्यावर दिसलेला पक्षीच मोजायचा, बाहेरगावचे फोटो म्हणजे उसनवारी. आणि पक्षी तळ्यावर नवा असेल तर आणखी कोणीतरी तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहून दुजोरा द्यायचा. माझी बायको लहानपणी एकदा घुबड पाहिलं म्हणून नाचत घरी आली होती. बाबांनी विचारलं, डोळे कुठल्या रंगाचे? तिला सांगता आलं नाही. झालं, घुबड बाद. तिने अजून त्यांना माफ केलेलं नाही.

तर मागच्या महिन्यात कामासाठी मी दूरच्या एका गावी गेलो होतो. तिथल्या मिठागरात, उथळ चिखलात, तो उभा होता. अंग पांढरं-काळं, लांब निळसर पाय आणि सुईसारखी बारीक चोच, टोकाला वर वळलेली. उचाट्या. मलासुद्धा ओळखू आला, कारण बाबा गेली कित्येक वर्षं आमच्या तळ्यावर त्याचीच वाट बघत होते. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. कुठला ते लिहायचं राहून गेलं. खरंच राहून गेलं, एवढं तरी माझ्या बाजूने धरा.

लगेच बाबांनी विचारलं, "आपल्या तळ्यावर?"

मी 'नाही' लिहीत होतो. तेवढ्यात त्यांचाच पुढचा निरोप आला, "शाब्बास जावईबापू." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण शाब्बास हा शब्द त्यांच्याकडून मला कधी मिळाला नव्हता. मी 'नाही' खोडलं आणि 'हो' लिहिलं. शिवाय 'पूर्वेचा काठ, पंपाच्या खोलीसमोर' असंही लिहिलं. खोटं बोलणाऱ्याला तपशिलाची भारी हौस.

दुसऱ्या दिवसापासून बाबा पहाटे तळ्यावर. नुकतेच छातीच्या दुखण्यातून उठले होते, गार वाऱ्यात जायला डॉक्टरांनी मनाई केली होती. बायको मला म्हणाली, "तूच सांग त्यांना. हल्ली तुझं ऐकतात." ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी सांगितलं, "बाबा, आता तो गेला असेल उडून."

"गेला तर गेला, परत येईल. तुम्ही पाहिलाय ना?"

"हो."

दुसऱ्यांदा तोच शब्द पहिल्यापेक्षा सोपा गेला, याचीच मला जास्त लाज वाटते.

इकडे ग्रुपवर कुजबुज सुरू झाली. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, "फोटो झकास आहे, पण दुजोरा कुठाय? कावळ्याचीच चोच वाकवली नाहीत ना?" त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मला ते चाललं असतं, लोकांच्या हसण्याची सवय आहे. पण बाबांनी ते वाचलं होतं.

त्या संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ते तळ्यावरून परतत होते. पँट गुडघ्यापर्यंत ओली, बुटांत पाणी, खोकला थांबत नव्हता. बायकोने टॉवेल आणला आणि रागावून घेतलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मग खुर्चीत बसून, फोन हातभर लांब धरून एका बोटाने काहीतरी लिहिलं. माझा फोन खिशात थरथरला.

"उचाट्या मीही पाहिला. पूर्वेचा काठ. दुजोरा."

अभिनंदनाचा पाऊस पडला. डॉक्टरीणबाईंनी माझी माफी मागितली. बायको हरखून म्हणाली, "बघ, बाबांनाही दिसला." मी त्या ओल्या पँटकडे बघत होतो. मी सांगितलेल्या जागी ते उतरले होते. तिथे गुडघाभर पाणी होतं, आणि उचाट्या घोट्याएवढ्या पाण्यात चरतो, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांना सगळं कळलं होतं. चोरी माझी, आणि माल त्यांनी आपल्या घरात लपवला होता. आता मी खरं बोललो असतो तर आधी तेच खोटे ठरले असते.

सकाळी मी तळ्यावर गेलो. ते नेहमीच्या दगडावर बसले होते, गळ्यात दुर्बीण, पण डोळ्यांना लावलेली नव्हती.

"बाबा, तो फोटो इथला नाही."

"ठाऊक आहे."

"मग तुम्ही कशाला लिहिलंत?"

"सगळे हसत होते तुम्हाला. माझ्या मुलीच्या नवऱ्याला." त्यांना खोकला आला, तो ओसरेपर्यंत ते थांबले. "लिहिताना काही वाटलं नाही. रात्रभर मात्र डोळ्याला डोळा लागला नाही."

मी फोन काढला आणि तिथेच उभं राहून ग्रुपवर लिहिलं, की फोटो बाहेरगावचा आहे, मी खोटं बोललो. बाबांना मी लांबून दुसराच पक्षी दाखवून फसवलं, त्यांचा काही दोष नाही. निदान त्यांचा शब्द तरी वाचावा म्हणून हे शेवटचं खोटं. पाठवलं.

बाबांनी ते वाचलं, खिशातून चष्मा काढून पुन्हा वाचलं. मग त्यांचं बोट हलायला लागलं. मी म्हटलं, "बाबा, नको." ते थांबले नाहीत.

"जावयांच्या मजकुरात एक चूक आहे. मला कोणी फसवलेलं नाही. मी पक्षी पाहिला नव्हता, तरी पाहिला असं लिहिलं. यापुढे नोंदी दुसऱ्या कोणीतरी तपासाव्यात."

बाबांनी फोन खिशात टाकला, गळ्यातली दुर्बीण काढली आणि माझ्या हातात दिली. आजवर ती त्यांनी कोणाला दिली नव्हती.

"त्या बेटाच्या डावीकडे बघा," ते म्हणाले. "टिबुकली पिल्लांना पाठीवर घेऊन चाललीय."

मी दुर्बीण डोळ्यांना लावली. समोर सगळं पाणीच पाणी होतं, तळ्यातलं किती आणि माझ्या डोळ्यांतलं किती, कळेना.

"दिसली?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही, बाबा," मी म्हणालो. "नाही दिसली."